फियॉर्डलँडचा दिवस क्रूझच्या डेकवरून नीट कसा पाहावा

सिडनी किंवा मेलबर्नहून न्यूझीलंडला जाणाऱ्या आणि ऑकलंडहून ऑस्ट्रेलियाकडे परतणाऱ्या बऱ्याच क्रूझ जहाजांच्या वेळापत्रकात एक दिवस असा असतो, की त्या दिवशी जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही, कोणीही खाली उतरत नाही, आणि तरीही बहुतेक प्रवाशांनी तिकीट काढलेले असते ते त्याच दिवसासाठी. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात फियॉर्डलँड नावाचा प्रदेश आहे. तिथे हिमनद्यांनी कोरलेल्या आणि पुढे समुद्राने भरून टाकलेल्या खोल, अरुंद दऱ्या, म्हणजेच फियॉर्ड, आहेत; त्यांच्या नावांत मात्र ‘साउंड’ हा शब्द येतो. जहाज त्यांपैकी दोन किंवा तीन दऱ्यांत शिरते आणि काही तासांनी बाहेर पडते. ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलांकडे गेलेली अनेक मराठी आई-वडील मंडळी हल्ली या प्रवासाला जातात. पूर्वतयारी नसल्यामुळे त्यांचा अर्धा दिवस नाश्त्याच्या रांगेत आणि उरलेला जहाजाच्या नको त्या बाजूला उभे राहण्यात जातो, असे वारंवार ऐकायला मिळते. हवामान कोणाच्याही हातात नसते, पण कधी उठायचे, कुठे उभे राहायचे आणि काय शोधायचे हे पूर्णपणे आपल्या हातात असते.

तिकीट काढतानाच ठरणाऱ्या गोष्टी

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील क्रूझचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल असा असतो. डिसेंबरच्या अखेरीस या भागात सकाळी सहाच्या सुमारास सूर्योदय होतो आणि रात्री साडेनऊच्या आसपास सूर्यास्त, त्यामुळे तिसरा फियॉर्ड संध्याकाळी आला तरी तो पुरेशा उजेडात पाहता येतो. एप्रिलमध्ये दिवस बराच आखडलेला असतो. केवळ या एका दिवसाचा विचार केला, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने मी अधिक पसंत करेन.

त्याहून महत्त्वाची आहे ती प्रवासाची दिशा. ऑस्ट्रेलियाकडून येणारे जहाज टास्मान समुद्र ओलांडून सहसा सकाळी उत्तरेकडील मिलफर्ड साउंडमध्ये शिरते, मग किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत डाउटफुल आणि डस्की साउंड करते आणि दक्षिण टोकाला वळसा घालून डनीडिनच्या बाजूला जाते. उलट दिशेच्या प्रवासात डस्की सकाळी येते आणि मिलफर्ड दुपारनंतर. दक्षिणेकडे जाताना किनारा जहाजाच्या डाव्या बाजूला राहतो, उत्तरेकडे येताना उजव्या बाजूला. (डावी आणि उजवी बाजू नेहमी जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून मोजावी.) बाल्कनीची केबिन घ्यायची असेल, तर या हिशेबाने बाजू निवडावी. मात्र त्यासाठी फार जास्त पैसे मोजू नयेत, कारण मिलफर्डमध्ये जहाज ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते, त्यामुळे दोन्ही काठ दोन्ही बाजूंना आपसूक मिळतात. डाउटफुल आणि डस्कीमध्ये तर एका तोंडातून शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडण्याची सोय आहे आणि दोन्हीकडे डोंगरच डोंगर असतात. शिवाय बाल्कनीतून एकच बाजू दिसते. हा दिवस उघड्या डेकवर घालवायचा असतो, आणि बाल्कनी मधल्या वेळच्या विश्रांतीसाठी ठेवायची असते.

आदली संध्याकाळ

रात्री केबिनमध्ये येणारे दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक, किंवा जहाजाच्या ॲपवरील त्याची प्रत, त्या रात्री शब्दन् शब्द वाचावी. त्यात प्रत्येक फियॉर्डच्या तोंडाशी पोहोचण्याची अपेक्षित वेळ, निसर्ग-अभ्यासकाचे निवेदन कुठल्या डेकवर ऐकू येईल ती माहिती आणि एरवी बंद असलेला नाळेवरचा डेक प्रवाशांसाठी खुला होणार असेल तर त्याची सूचना असते. नाळेवरचा डेक खुला होत असेल तर ती संधी सोडू नये. सिडनी किंवा मेलबर्नहून येताना घड्याळ दोन तास पुढे करावे लागते. हे तास जहाजावर टप्प्याटप्प्याने पुढे केले जातात, म्हणून गजर लावण्यापूर्वी त्या रात्री घड्याळ बदलायचे आहे का हे पाहून घ्यावे. वेळापत्रकातल्या वेळा अपेक्षित असतात. समुद्र आणि वारा पाहून कप्तान त्यात फेरफार करतो, म्हणून पहिल्या फियॉर्डच्या छापील वेळेच्या किमान एक तास आधी तयार असावे.

कपड्यांच्या बाबतीत लोक ‘उन्हाळा’ या शब्दाला फसतात. ऐन उन्हाळ्यातही इथले दिवसाचे तापमान साधारण पंधरा ते वीस अंशांदरम्यान रेंगाळते, आणि चालत्या जहाजाच्या नाळेवर वाऱ्यामुळे ते त्याहून बरेच कमी भासते. एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा अंगालगत एक उबदार बनियन, त्यावर स्वेटर आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी दोन्ही अडवणारे टोपीचे जाकीट असे तीन थर घालावेत, म्हणजे आत आल्यावर एकेक उतरवता येतात. कानटोपी आणि पातळ हातमोजे जवळ असावेत. छत्री अजिबात नेऊ नये, कारण वाऱ्यात ती उलटते आणि शेजाऱ्याच्या डोळ्याला लागण्याची भीती असते. मोकळी ओढणी किंवा साडीचा सुटा पदरही कठड्यापाशी त्रासाचा ठरतो. पायात रबरी तळाचे बंद बूट असावेत, चपला नसाव्यात, कारण डेक दिवसभर ओला राहतो. ढग असले तरी न्यूझीलंडमधील उन्हातील अतिनील किरण तीव्र असतात, तेव्हा सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पडू नये.

मोबाईल त्याच रात्री विमान मोडवर टाकावा. किनाऱ्यावरचे नेटवर्क या भागात नसल्यासारखेच असते, पण जहाजाचे उपग्रहीय नेटवर्क फोन आपोआप पकडू शकतो, आणि त्याचे शुल्क नेहमीच्या रोमिंग योजनेत सहसा धरलेले नसते. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी कधी घ्यायची हे जहाजाच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. या गोळ्यांपैकी काहींनी गुंगी येते, शिवाय काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना त्यांतील काही चालत नाहीत.

मिलफर्ड: आत शिरण्यापूर्वीची पंधरा मिनिटे

सर्वाधिक प्रवासी चुकवतात ती ही पंधरा मिनिटे. टास्मान समुद्रावरून पाहिले असता किनाऱ्याला डोंगरांची एक सलग भिंत दिसते आणि तिच्यात कुठे फट असेल असे वाटत नाही. कॅप्टन कुक या किनाऱ्यावरून गेला, पण मिलफर्डचे तोंड त्याच्या लक्षात आले नाही, हे इथे उभे राहिल्यावर सहज पटते. जहाज थेट त्या भिंतीकडे चाललेले असते. मग एक कडा दुसऱ्या कड्यामागून हळूहळू वेगळा होतो, मध्ये पाण्याची पट्टी दिसते आणि लाटांचे हेलकावे थांबतात. हे पाहण्यासाठी नाळेच्या बाजूलाच असावे लागते, आणि वेळेआधी जागा धरावी लागते. पुढच्या बाजूची काचेची बैठक पहाटेच भरून जाते. तिथे जागा मिळाली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. तिथल्या काचांवर पावसाचे थेंब आणि आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब असते, आणि धबधब्याचा आवाज काचेतून येत नाही.

आत जाताना उजव्या हाताला प्रथम अनिता बे लागतो. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेले माओरी लोक इथे दूरवरून येऊन ताकिवाई नावाचा अर्धपारदर्शक हिरवा दगड गोळा करत असत. डाव्या हाताला डेल पॉइंट येतो. इथे फियॉर्ड अरुंद होतो आणि खरा प्रवास सुरू होतो. पुढे डावीकडे सील रॉक नावाचा खडक आहे, त्यावर फर सील पहुडलेले असतात. उंच डेकवरून ते खडकाच्याच रंगाचे दिसतात, म्हणून दुर्बिणीने आधी खडकाची कड शोधावी आणि मग हालचाल पाहावी. हलत्या जहाजावर आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. त्याहून मोठ्या दुर्बिणीत चित्र थरथरते.

त्याच डाव्या काठावर स्टर्लिंग धबधबा आहे. त्याची उंची सुमारे दीडशे मीटर, पण प्रथम पाहताना ती उंची डोळ्यांना पटत नाही, कारण भोवतीचे कडे त्याच्या कितीतरी पट उंच आहेत. अशा वेळी धबधब्याच्या पायथ्याशी येणारी छोटी पर्यटक बोट शोधावी. शेकडो माणसे बसतील अशी ती दोन-तीन मजली बोट तुषारांत शिरते आणि पांढऱ्या ठिपक्याएवढी होते, तेव्हा कड्याचे खरे माप कळते. माझ्या मते मिलफर्डमध्ये करण्याची सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे: प्रत्येक मोठ्या दृश्यात एक बोट, एक पक्षी किंवा एक झाड शोधायचे आणि तिथून नजर वर न्यायची.

स्टर्लिंगचे पाणी ज्या दरीतून येते ती दरी समुद्रापासून एवढ्या उंचीवर अधांतरी का संपते, हे डेकवरूनच पाहून समजते. मुख्य हिमनदी मोठी होती, तिने आपले पात्र खोल खरवडले. बाजूने येऊन मिळणारी हिमनदी लहान होती, तिचे पात्र वरच राहिले. बर्फ गेले, समुद्र आत आला आणि लहान दरीचे पाणी आता कड्यावरून खाली कोसळते. हा कडा पाण्याखालीही तसाच सरळ उतरतो. मिलफर्डची खोली काही ठिकाणी २९० मीटरच्या आसपास आहे, आणि म्हणूनच एवढे अवाढव्य जहाज खडकाच्या इतके जवळ नेता येते. हिमनदीने आणलेल्या दगडगोट्यांमुळे फियॉर्डचे तोंड मात्र आतल्या भागापेक्षा बरेच उथळ असते.

उजव्या बाजूचा मायटर पीक हा मिलफर्डचा सर्वांत प्रसिद्ध डोंगर. त्याची उंची सुमारे १,६९० मीटर आहे. इथे एक गोष्ट आधी ठाऊक असावी. चित्रांत दिसणारे त्याचे टोकदार, बिशपच्या उंच टोपीसारखे रूप फियॉर्डच्या आतल्या टोकाकडून दिसते. प्रत्यक्षात तो जवळजवळच्या पाच शिखरांचा समूह आहे, आणि जहाज त्याच्या पायथ्याशी असते तेव्हा ते रूप मोडून जाते. त्यामुळे आत शिरताना त्याचे छायाचित्र काढण्याची घाई करू नये. आतल्या टोकाशी, बोवेन धबधब्यासमोरच्या खोऱ्यात, जहाज जागच्या जागी सावकाश वळते, आणि ते वळल्यावर मायटर पीक त्याच्या ओळखीच्या आकारात समोर येतो. सकाळी ऊन ईशान्येकडून येते आणि नेमके त्याच्या या अंगावर पडते. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे आपण विसरतो. त्यामुळे स्टर्लिंगचा काठ दिवसाचा बराच भाग सावलीत राहतो आणि समोरचा काठ उजळतो. जहाज वळत असताना लोक या बाजूकडून त्या बाजूकडे धावतात. धावू नये. एका जागी उभे राहिल्यास सारे खोरे आपल्यासमोरून फिरते.

आतल्या टोकाशी जहाज मंदावते तेव्हा बारीक काळ्या चावऱ्या माश्या डेकवर येतात. त्यांना इथे सँडफ्लाय म्हणतात. माओरी परंपरा सांगते, की तू-ते-राकी-व्हानोआ या देवाने आपल्या वाकसाने हे फियॉर्ड कोरले. दक्षिणेकडून सुरुवात केली तेव्हा त्याचा हात बसलेला नव्हता, म्हणून तिकडे किनारा तुटक आणि बेटांनी भरलेला झाला. उत्तरेकडे येता येता हात बसत गेला आणि मिलफर्ड त्याची सर्वोत्तम कृती ठरली. ती इतकी सुंदर झाली, की माणसे इथेच राहून जातील अशी मृत्यूची देवता हिने-नुई-ते-पो हिला काळजी वाटली आणि तिने या माश्या सोडल्या. त्या वाऱ्यात आणि जोराच्या पावसात फारशा फिरकत नाहीत. शांत हवेत मात्र मनगटे, घोटे आणि मान झाकलेली असावी आणि कीटकरोधक मलम खिशात असावे. चावल्यावर खाजवू नये, खाज कितीतरी दिवस टिकते.

पाऊस आला तर

पाऊस आला म्हणून केबिनमध्ये परतणाऱ्यांबद्दल मला खरोखर हळहळ वाटते. मिलफर्डमध्ये वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वर्षातले साधारण निम्मे दिवस पावसाचे असतात. कोरड्या दिवशी इथे स्टर्लिंग आणि बोवेन हे दोन मोठे धबधबे आणि बाकी काही बारीक धारा दिसतात. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात प्रत्येक कड्यावरून पाणी उतरू लागते आणि ते धबधबे मोजणे अशक्य होते. कारण साधे आहे. हे खडक ग्रॅनाइट आणि नाइस जातीचे, कठीण आणि पाणी मुरू न देणारे आहेत, त्यांच्यावर माती जवळजवळ नाही, आणि उतार उभा आहे. पडलेले पाणी धरून ठेवायला काहीच नसते. पाऊस थांबला की हे धबधबे काही तासांत नाहीसे होतात. म्हणून पावसाळी सकाळ लाभली तर तिला सुदैव समजावे आणि बाहेरच थांबावे. वारा जोराचा असेल तर काही धारा खाली पोहोचण्याआधीच उडून जातात, काही तर उलट वर फेकल्या जातात. नाणेघाटात पावसाळ्यात उलटा धबधबा पाहिलेल्यांना याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

पावसात उभे राहायला सर्वांत चांगली जागा म्हणजे जहाजाला वेढा घालणारा, वर छत असलेला खालच्या मजल्यावरचा फेरफटक्याचा डेक. तिथे कोरडे राहता येते, पाण्याच्या जवळ असता येते, आणि कड्यावरून येणारी धार माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका नजरेत सामावते. सर्वांत वरचा डेक स्वच्छ दिवसासाठी ठेवावा. ज्येष्ठांसाठी याच खालच्या डेकवर खुर्ची आणि एक शाल नेऊन ठेवावी, आणि जवळचे स्वच्छतागृह कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावे. बाहेर जाण्याचे दरवाजे अतिशय जड असतात आणि वाऱ्याच्या झोताने अचानक आदळतात. दोन्ही हातांनी मूठ धरावी, चौकटीवर बोटे ठेवू नयेत आणि मागच्या माणसासाठी दार धरून ठेवावे. या एका कारणाने बोटे चेपण्याचे प्रकार जहाजांवर होतात.

कड्यांवर हिरव्या झाडीत मधेच वरपासून खालपर्यंत एखादा उघडा, फिकट पट्टा दिसतो. तो दिसला की थांबून पाहावा. या कड्यांवर झाडांना माती मिळत नाही. आधी खडकावर दगडफूल धरते, त्यावर शेवाळ चढते, शेवाळात नेचे रुजतात आणि मग झुडपे आणि बीच जातीची झाडे येतात. त्यांची मुळे खडकात खोल जात नाहीत, ती एकमेकांत गुंतून एक जाळे बनवतात आणि सारे रान एकमेकांच्या आधाराने लटकलेले असते. मोठ्या पावसात ओल्या शेवाळाचे वजन वाढते, वरचे एखादे झाड सुटते आणि आपल्याबरोबर खालची सारी रांग पाण्यात घेऊन जाते. मागे राहतो तो हा पट्टा. नीट पाहिले तर शेजारी-शेजारी वेगवेगळ्या वयाचे पट्टे दिसतात: एक कोरा दगडाचा, दुसरा शेवाळाने पोपटी झालेला, तिसरा झुडपांनी भरत आलेला. निवेदक हे एका वाक्यात सांगून पुढे जातात, पण ते डोळ्यांनी शोधायला वेळ द्यावा.

मधला समुद्र

मिलफर्डहून बाहेर पडून पुढच्या फियॉर्डपर्यंत दोन ते तीन तास उघड्या समुद्रातून जावे लागते, आणि दिवसातला बोट लागण्याचा काळ हाच. जेवण हलके घ्यावे, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी. ज्यांना त्रास होत नाही त्यांनी पंधरा-वीस मिनिटे तरी मागच्या डेकवर घालवावीत, कारण अल्बाट्रॉस पक्षी जहाजाच्या मागे इथेच येतात. पंख न हलवता ते लाटेच्या पोटापर्यंत उतरतात, तिथून वाऱ्यावर वळून वर चढतात आणि पुन्हा उतरतात. त्यांना काहीही खायला टाकू नये.

डाउटफुल आणि डस्की

मिलफर्डनंतर बरेच प्रवासी आता तेच ते पाहायचे आहे असे समजून आत निघून जातात. हा समज चुकीचा आहे. डाउटफुल साउंड मिलफर्डच्या जवळजवळ तिप्पट लांब आहे, त्याची खोली चारशे मीटरहून अधिक जाते, आणि मिलफर्डसारखी पर्यटक बोटींची वर्दळ तिथे नसते. कुकने १७७० मध्ये हे तोंड पाहिले, पण आत शिरल्यावर बाहेर पडायला वारा मिळेल की नाही याची खात्री न वाटल्याने तो शिरला नाही. जहाजावरचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स त्यामुळे नाराज झाला होता. जहाजे सहसा सेक्रेटरी बेटाला वळसा घालून थॉम्पसन साउंडमधून एका बाजूने आत येतात आणि डाउटफुलच्या तोंडाने बाहेर पडतात, किंवा याच्या उलट. १७९३ मध्ये मालास्पिनाच्या स्पॅनिश मोहिमेतील लोकांनी या तोंडाशी सर्वेक्षण केले, म्हणून नकाशावर बाउझा बेटासारखी स्पॅनिश नावे इथे आढळतात.

इथे पाण्याकडे पाहावे. फियॉर्डच्या पृष्ठभागावर काही मीटर जाडीचा गोड्या पाण्याचा थर असतो. रानातील पालापाचोळ्यातून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याला तपकिरी झाक येते, आणि हे हलके पाणी खाऱ्या पाण्यात न मिसळता वर तरंगत राहते. त्यामुळे खाली उजेड कमी पोहोचतो, आणि एरवी खोल, अंधाऱ्या समुद्रात वाढणारे काळे पोवळे इथे अगदी दहा मीटर खोलीवरही वाढते. डाउटफुलमध्ये हा थर अधिकच जाड आहे, कारण मानापौरी जलविद्युत केंद्रातून सोडलेले सरोवराचे पाणी त्याच्या आतल्या टोकाशी येऊन पडते. बॉटलनोज डॉल्फिनांचा एक कळप या फियॉर्डमध्ये कायम वास्तव्य करून आहे. डॉल्फिन शोधताना कड्यांकडे न पाहता शांत पाण्यावर मध्येच उमटणाऱ्या गडद पाठींवर लक्ष ठेवावे, आणि त्यासाठीही खालचाच डेक बरा.

डस्की साउंड सर्वांत विस्तीर्ण आणि बेटांनी भरलेला आहे. कडे मिलफर्डइतके उभे नसल्याने इथे घाईघाईने पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, पण ज्याला इतिहास ठाऊक आहे त्याला हा फियॉर्ड सर्वांत श्रीमंत वाटतो. दक्षिण महासागरात जवळपास चार महिने जमीन न पाहिलेला कुक १७७३ च्या मार्चमध्ये ‘रेझोल्यूशन’ जहाज घेऊन इथे आला आणि पिकर्सगिल हार्बर नावाच्या आडोशाला काठाच्या इतक्या जवळ थांबला, की आडवे वाढलेले एक झाडच त्याच्या खलाशांना उतरायला पूल म्हणून वापरता आले. खगोल निरीक्षणासाठी त्यांनी तोडलेल्या झाडांचे बुंधे अजून त्या टेकाडावर आहेत. हे ठिकाण डस्कीच्या तोंडाजवळ, दक्षिण काठावर आहे. डस्कीच्या तोंडाने बाहेर पडताना डाव्या बाजूला नजर ठेवावी. मोठे जहाज तिथपर्यंत जात नाही, पण दुर्बिणीतून काठावरचे रान दिसते.

डस्की आणि ब्रेकसी साउंड यांच्यामध्ये रेझोल्यूशन बेट आहे. १८९४ मध्ये रिचर्ड हेन्री याची इथे संरक्षक म्हणून नेमणूक झाली. मुख्य भूमीवर वाढत चाललेल्या स्टोट या शिकारी प्राण्यांपासून वाचवण्यासाठी त्याने काकापो आणि किवी हे उडता न येणारे पक्षी शेकड्यांनी नावेतून या बेटावर आणले, आणि १९०० च्या सुमारास स्टोट पोहून तिथेही पोहोचला. हेन्रीचे काम वाया गेले असे मला वाटत नाही. याच साउंडमधील अँकर बेटावर आज स्टोटपासून मुक्त रान आहे आणि त्यात काकापो राहतात. जहाज जवळून जात असताना हे ठाऊक असलेल्याला ते बेट वेगळे दिसते.

या रानाची आणि पाण्याची काळजी प्रवाशानेही घ्यायची असते. हा सारा प्रदेश १९९० पासून जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. जहाजाच्या तळाला चिकटून येणाऱ्या परक्या सागरी जीवांबाबत न्यूझीलंडचे नियम इतके कडक आहेत, की २०२२ च्या अखेरीस सुरू असलेल्या हंगामात तळ पुरेसा स्वच्छ नसल्याने काही क्रूझ जहाजांना फियॉर्डलँडमध्ये येऊ दिले गेले नाही. तेव्हा कठड्यावर कागदी कप, टोपी, टिश्यू असे काहीही सुटे ठेवू नये. ड्रोन बाहेर काढू नये. घरून आणलेला चिवडा-लाडू जहाजावर खाऊन संपवावा. पुढच्या बंदरावर उतरताना खाद्यपदार्थ, फळे आणि बियाणे जवळ असल्यास ते जाहीर करावे लागतात, नाहीतर जागीच दंड होतो.

छायाचित्रांविषयी थोडे

रुंद कोनाच्या भिंगाने, म्हणजे मोबाईलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यानेसुद्धा, डोंगर ठेंगणे दिसतात. दोन-तीन पट झूम करून कड्याचा एकच तुकडा घ्यावा, ज्यात एक धबधबा आणि त्याच्या पायथ्याशी एक बोट असेल. उजेड धबधब्याच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवून मोजावा, नाहीतर काळ्या कड्याच्या हिशेबाने कॅमेरा पाण्याचा नुसता पांढरा डाग करून टाकतो. भिंग दर काही मिनिटांनी कोरड्या सुती रुमालाने पुसावे. थंड डेकवरून उबदार आतल्या भागात आल्यावर कॅमेऱ्यावर आणि चष्म्यावर बाष्प धरते, म्हणून कॅमेरा आत येण्यापूर्वीच पिशवीत बंद करावा आणि थोड्या वेळाने उघडावा. व्हिडिओ लहान घ्यावेत आणि प्रत्येक फियॉर्डमध्ये किमान दहा मिनिटे फोन खिशात ठेवून नुसते उभे राहावे. आवाज, गारवा आणि ओल्या रानाचा वास यांतले काहीच फोनमध्ये उतरत नाही.

त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, छायाचित्रे मिलफर्ड, डाउटफुल आणि डस्की अशा तीन वेगळ्या फोल्डरांत टाकून ठेवावीत आणि ओळखू आलेल्या प्रत्येक धबधब्याचे, बेटाचे आणि पक्ष्याचे नाव लिहून ठेवावे. जहाजावर त्या दिवशी वाटलेला नकाशा यासाठी जपून ठेवावा आणि त्यावर जहाजाचा मार्ग पेनाने आखून वेळा नोंदवाव्यात. आठवड्याने पाहिले असता सगळे कडे सारखे वाटू लागतात आणि मग कोणता फोटो कुठला हे जहाजावरच्या निवेदकालाही सांगता येणार नाही.